हसण्याची शिकवणी

"मामा, माझे दात किती दिसतायत?"

रविवारची सकाळ. चहाचा पहिला घोट घेऊन पेपर उघडला होता आणि समोर हा प्रश्न. भाची बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहून हसत होती. म्हणजे हसण्याचा सराव करत होती. हसायची, थांबायची, गाल चोळायची, परत हसायची.

"वरचेच दिसायला हवेत. खालचे दिसले की खोटं वाटतं म्हणे."

झालं असं होतं, की तिला एका नव्या रेस्तराँमध्ये नोकरी लागली होती. रेस्तराँ अजून उघडायचं होतं. आत सुतारकाम चालू, बाहेर पाटीवर कापड, आणि मधल्या मोकळ्या जागेत पंचवीस-तीस मुलामुलींचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग. घर लांब, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती. रोज रात्री जेवताना आम्हाला त्या दिवसाचा धडा ऐकायला मिळे. टेबलांचे नंबर तोंडपाठ. कुठल्या पदार्थात शेंगदाणे आहेत, कुठल्यात नाहीत. केओटी कशी काढायची, एका हातात तीन प्लेटा कशा धरायच्या, पाणी कुठल्या बाजूने ओतायचं. शेवटच्या आठवड्यात तर खोटी गिऱ्हाइकं. निम्म्या मुलांनी गिऱ्हाईक व्हायचं, मुद्दाम कुरकुर करायची, सूप परत पाठवायचं, आणि उरलेल्यांनी हसतमुखाने "सॉरी सर" म्हणायचं.

आणि रोज पंधरा मिनिटं हसणं.

मला हे सगळं जरा विचित्रच वाटलं. हसणं काय शिकवायची गोष्ट आहे? तसं मी तिला म्हटलंही. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बाबा बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत ते पुढे सांगतो.

तर या निमित्ताने मी थोडं वाचायला लागलो (रिकामपणचे उद्योग, दुसरं काय). आणि लक्षात आलं, की हॉटेल उघडण्याआधी माणसं घडवण्याचा हा उद्योग चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यात गमती आहेत तशा विचार करायला लावणाऱ्या गोष्टीही.

*

सुरुवात अमेरिकेतल्या रेल्वेपासून करू. १८७६ साली फ्रेड हार्वी नावाच्या माणसाने कॅन्ससमधल्या टोपिका स्टेशनवर एक खाणावळ चालवायला घेतली. त्या काळी गाडीला जेवणाचा डबा नसे. गाडी थांबली की वीस-तीस मिनिटांत उतरायचं, मिळेल ते शिळंपाकं खायचं आणि पळत परत चढायचं. हार्वीने तिथे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणले, ताजं अन्न आणलं. गाडी पोचायच्या आधीच तारेने पुढच्या स्टेशनला किती पानं ते कळवायची पद्धत पाडली. सांता फे रेल्वेच्या मार्गावर एकामागून एक त्याची हॉटेलं उभी राहिली.

अडचण होती ती वाढप्यांची. पश्चिमेकडचा तो रांगडा मुलूख, दारू पिऊन मारामाऱ्या करणारे पुरुष वाढपी. १८८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॅटोन गावी असाच एक तमाशा झाला आणि तिथल्या सगळ्यांना काढून हार्वीच्या माणसांनी त्यांच्या जागी तरुण मुली नेमल्या. मग पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांतून जाहिराती सुरू झाल्या : वय १८ ते ३०, चांगल्या चारित्र्याच्या, हुशार आणि दिसायला बऱ्या मुली पाहिजेत.

या 'हार्वी गर्ल्स'चं ट्रेनिंग महिनाभराचं. काळा पोशाख, पांढरा कडक एप्रन, केस बांधलेले. राहायला हॉटेलचंच वसतिगृह, त्यावर एक करडी बाई आणि रात्री दहाच्या आत परत यायचा नियम. पगार सुरुवातीला महिना साडेसतरा डॉलर, वर टीप, आणि राहणं-जेवण फुकट. काम म्हणाल तर घड्याळाशी शर्यत. त्यासाठी त्यांनी कपांची एक भाषाच तयार केली होती. एकजण येऊन काय पिणार ते विचारून जायची आणि जाताना कपाची मांडणी बदलायची. कप बशीत सरळ असला तर कॉफी. उपडा असला तर गरम चहा. उपडा करून बशीला टेकवला असला तर बर्फाचा चहा. बशीबाहेर उपडा असला तर दूध. मागून किटली घेऊन येणारी मुलगी एक शब्द न विचारता बरोबर तेच ओतायची आणि प्रवासी तोंडात बोट घालायचे!

हे वाचून मला हसू आलं, पण मग वाटलं, शंभराच्या वर वर्षांपूर्वी शेतावरच्या एखाद्या मुलीला घर सोडून, एकटीने गाडीत बसून, शेकडो मैलांवर जाऊन स्वतःचे पैसे मिळवायचा मार्ग होता तरी कुठला? शाळामास्तरीण नाहीतर घरकाम. हार्वीच्या शिस्तीत जाच होता, तशीच मोकळीकही होती. (सगळ्यांना नव्हे. जागा मुख्यतः गोऱ्या मुलींनाच मिळत.) १९४६ साली त्यांच्यावर हॉलीवूडने एक संगीतमय सिनेमाही काढला, त्यात ज्यूडी गारलँड होती.

*

पण मला खरं सांगायचंय ते मॉस्कोबद्दल.

३१ जानेवारी १९९०. मॉस्कोचा पुश्किन चौक, कडाक्याची थंडी आणि हजारोंची रांग. पूर्वी तिथे 'लिरा' नावाचा कॅफे होता. त्या जागी सोव्हिएत युनियनमधलं पहिलं मॅकडोनल्ड्स उघडत होतं. नऊशेच्या आसपास माणसं बसतील एवढी जागा, म्हणजे त्या वेळचं त्यांचं जगातलं सर्वांत मोठं. पहिल्या दिवशी तीस हजारांवर गिऱ्हाइकं आली. बिग मॅकची किंमत ३ रुबल ७५ कोपेक. मॉस्कोत परकी चलनाची दुकानं वेगळी असत आणि ती सामान्य माणसाला बंद होती. इथे मात्र साधे रुबल चालत होते. गरिबाला स्वस्त नव्हतं, पण दार उघडं होतं.

यामागे चौदा वर्षांची चिकाटी होती. मॅकडोनल्ड्सच्या कॅनडा शाखेचा प्रमुख जॉर्ज कोहन याची १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये काही सोव्हिएत अधिकाऱ्यांशी गाठ पडली आणि तिथून हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये जमलं नाही. गोर्बाचेव्ह आल्यावर वारं फिरलं आणि १९८८ मध्ये करार झाला. ५१ टक्के मॉस्को शहराचे, ४९ टक्के कॅनडावाल्यांचे.

गंमत म्हणजे हॅम्बर्गर रशियात आणायचा हा पहिला प्रयत्न नव्हता. स्टालिनचा अन्नमंत्री अनास्तास मिकोयान १९३६ मध्ये अमेरिका पाहून आला होता आणि तिथल्या हॅम्बर्गरवर आणि आइस्क्रीमवर लुब्ध झाला होता. आइस्क्रीम रशियात रुजलं. हॅम्बर्गरचं मात्र असं झालं, की युद्ध आलं, पाव मागे पडला आणि नुसतं कटलेट उरलं! पाव यायला पुढे पन्नासेक वर्षं लागली.

आता नव्या सोव्हिएत हॉटेलची तयारी बघा. बटाटे लहान, म्हणून बाहेरून बियाणं आणून ते शेतकऱ्यांना लावायला शिकवलं. मांस, पाव, दूध भरवशाचं मिळेना, म्हणून मॉस्कोच्या कडेला सोलन्त्सेव्होमध्ये कोट्यवधी डॉलर खर्चून स्वतःचा कारखानाच काढला. हे सगळं पैशाने होतं. माणसांचं काय?

एका जाहिरातीला पंचवीस हजारांहून जास्त अर्ज आले. जागा सहाशे तीसच्या आसपास. निवडलेली बहुतेक पोरंच, विद्यार्थी, कित्येकांची आयुष्यातली पहिली नोकरी. वरच्या जागांसाठी निवडलेल्या काही जणांना आधी टोरोंटोला पाठवलं. कंपनीची तिथे एक शाळाच होती. (या शाळांचं मूळ म्हणजे १९६१ साली इलिनॉयमध्ये एका दुकानाच्या तळघरात सुरू झालेलं 'हॅम्बर्गर विद्यापीठ'. नाव थट्टेचं वाटतं, पण ते खरोखरच होतं आणि आजही आहे.) त्यांच्यातला हमझात हसबुलातोव्ह पहिल्या दुकानाचा व्यवस्थापक झाला आणि पुढे रशियातल्या सगळ्या कारभाराचा प्रमुख.

फरशी कशी पुसायची, बटाटे किती सेकंद तळायचे हे शिकवणं सोपं होतं. अवघड होतं ते हसणं.

का, ते समजायला सोव्हिएत काउंटर डोळ्यांसमोर आणायला हवं. तिथे वस्तूंची टंचाई कायमची. त्यामुळे काउंटरच्या आतला माणूस देणारा आणि बाहेरचा याचक. हॉटेलच्या दारावर 'जागा नाही' अशी पाटी आणि आत टेबलं रिकामी, हे नेहमीचं. प्रत्येक दुकानात तक्रारवही ठेवायचा नियम होता. विक्रेते आणि ग्राहक यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावं अशा पाट्याही होत्या. (जिथे अशी पाटी लावावी लागते तिथे काय चालत असेल ते पुणेकरांना सांगायची गरज नाही. दुपारी एक ते चार बंद असलेल्या दुकानाच्या पायऱ्यांवर मीही उभा राहिलोय.) आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला तो काउंटरमागचा चेहरा लगेच ओळखू येईल. त्या चेहऱ्याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. तो हसला काय, न हसला काय, रांग तेवढीच राहणार होती, एवढंच.

त्यात रशियन लोकांची अशी एक म्हणच आहे, की विनाकारण हसणं हे मूर्खाचं लक्षण. अनोळखी माणसाकडे बघून हसायचं नसतं. हसलात तर समोरच्याला वाटतं, ह्याला काहीतरी हवंय, नाहीतर हा आपली टिंगल करतोय.

आणि इथे सहाशे पोरांना शिकवलं जात होतं, की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघा आणि हसा. त्या पहिल्या तुकडीतल्या एकाने खूप वर्षांनी सांगितलेली आठवण आहे. बाहेर रांगेतल्या लोकांना भोंग्यावरून आधीच सांगितलं जात होतं, की आतले कर्मचारी तुमच्याकडे बघून हसतील, ते तुम्हाला हसत नाहीयेत, तुमची सेवा करताना आनंद होतो म्हणून हसतायत!

म्हणजे ट्रेनिंग एकाच बाजूचं नव्हतंच. गिऱ्हाइकालाही शिकवावं लागत होतं, की बाबा रे, तुझ्याशी कोणी नीट बोललं तर घाबरू नकोस.

मी हे वाचून थबकलो. तोपर्यंत माझ्या मनात शिकवलेलं हसू म्हणजे नाटक, कंपन्यांचा चावटपणा, असंच होतं. पण त्या रांगेत चार-चार तास उभ्या राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईचा विचार करा. आयुष्यभर तिने काउंटरपलीकडून फक्त खेकसणं ऐकलं. आज एक अठरा वर्षांचा पोरगा तिच्याकडे बघून हसला. त्याला ते शिकवलं होतं हे खरं. पण तिला मिळालं ते खोटं होतं का?

*

नाण्याला दुसरी बाजू आहेच. आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांनी हवाई सुंदरींच्या ट्रेनिंगचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हमाल पाठ विकतो तशी ही माणसं भावना विकतात. पाठीचं दुखणं दिसतं, याचं दिसत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या मनासारखा चेहरा ठेवून घरी आल्यावर आपला चेहरा कुठला हेच कळेनासं होतं. आणि हे काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं, आणि ते काम आहे असंही कुणी मानत नाही.

भाचीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मामा, खरंय. पण मला काय वाटतं सांगू? हसायचं दुखत नाही. कोणीतरी मेनूतून डोकंही वर न काढता बोट नाचवून बोलावतं ना, तेव्हा हसायचं दुखतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही कधीतरी तसं बोट नाचवलं असेलच.

नाही, घरच्यांबरोबर असताना नक्की नाही. कारण लहानपणी एकदा हॉटेलात मी वेटरला "शुक शुक" केलं होतं आणि बाबांनी भर हॉटेलात माझ्या पाठीत धपाटा घातला होता. त्यांनी मला मारल्याची आठवण ती एकच.

बाबा कोकणातून मुंबईला आले ते १९५३ साली, बारा वर्षांचे असताना. गिरगावातल्या एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागले. पहाटे उठून बाकडी पुसायची, कपबश्या विसळायच्या, रात्री त्याच बाकड्यांवर झोपायचं. ट्रेनिंग? कप फुटला की कानाखाली, हे ट्रेनिंग. पुढे वाढपी झाले तेव्हा कागदावर बिल नसेच. कोणत्या टेबलाने काय खाल्लं ते डोक्यात ठेवायचं, आणि गिऱ्हाईक उठलं की गल्ल्याकडे बघून ओरडायचं, "टोपीवाला आठ आणे! चष्मेवाले बारा आणे!" चुकलं तर ते पैसे पगारातून. कामानंतर रात्रशाळा. अशी सात वर्षं. मग मॅट्रिक झाले आणि सरकारी नोकरी लागली, आणि हॉटेलाचा विषय घरात जवळपास बंद झाला. आम्हाला हे सगळं तुकड्यातुकड्यांत, बरंचसं आईकडून कळलं.

त्यांना हसायला कोणी शिकवलं नाही. त्यांच्याकडे बघून कोणी हसलं असेल, असंही वाटत नाही.

*

मॉस्कोचं पुढे काय झालं? रांगा कमी झाल्या, १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत युनियनच संपलं, दुकानं वाढत वाढत साडेआठशेच्या घरात गेली. आणि मग २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चमध्ये मॅकडोनल्ड्सने दुकानं बंद केली, मे महिन्यात देश सोडायचं जाहीर केलं आणि सगळा पसारा एका रशियन उद्योजकाला विकला. तेव्हा तिथे बासष्ट हजार माणसं कामाला होती. निदान दोन वर्षं त्यांना त्याच अटींवर नोकरीत ठेवायचं, असं करारातच होतं. १२ जून २०२२ रोजी पुश्किन चौकातलं तेच दुकान नव्या नावाने उघडलं. नावाचा अर्थ साधारण 'चविष्ट, बस्स!' असा.

पाटी बदलली, खोक्यांवरची चित्रं बदलली. काउंटरमागची माणसं बहुतेक तीच होती. टोरोंटोहून बत्तीस वर्षांपूर्वी आलेली ती शिकवणी कोणाला पेटीत भरून परत नेता आली नाही. आणि ती शिकवणी देणाऱ्यांना वाटलं होतं तसं जगही त्या हसण्याने बदललं नाही. १९९० च्या दशकात पुष्कळ शहाण्या माणसांना वाटत होतं, की एकत्र बर्गर खाणारे देश एकमेकांशी लढणार नाहीत. लढले. काउंटरवरचं हसू काउंटरपुरतंच असतं, त्याच्याकडून फार मागू नये. पण काउंटरपुरतं तरी ते असतं.

*

भाचीचं रेस्तराँ परवा उघडलं. मी आणि बायको गेलो होतो. आम्हाला बघून ती पुढे आली, शिकवलेलं ते हसू हसली, आणि "गुड इव्हिनिंग सर, टेबल फॉर टू?" म्हणाली. सर! मग अर्ध्या क्षणाने दुसरं हसू आलं, आमच्या ओळखीचं, लहानपणी चोरून साखर खाताना सापडली की यायचं ते. खालचे दातही दिसले. पण खरं सांगतो, पहिलंही मला खोटं वाटलं नाही. शेजारच्या टेबलावर ती ज्या शांतपणे एका चिडलेल्या काकांशी बोलत होती, ते बघून मला तिचा अभिमान वाटला, आणि जरा काळजीही.

रात्री बारा वाजून गेल्यावर ती घरी आली. बाबा जागे होते. एरवी नऊला झोपतात. मला वाटलं, आता ते काहीतरी विचारतील, गर्दी किती होती, मालक कसा आहे, टीप मिळाली का.

त्यांनी विचारलं, "पाय दुखतात?"

"खूप, आजोबा."

"टाचा की पोटऱ्या?"

"दोन्ही."

ते उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, काठी टेकत आत गेला आणि गॅसवर पाणी ठेवलं. बादलीत मीठ टाकून ती मला उचलायला लावली. "उद्यापासून अर्धा नंबर मोठा बूट घे. सकाळी बरोबर बसतो तो रात्री चावतो. आणि उभं राहताना एका पायावर भार देऊ नकोस," असं म्हणून परत खुर्चीत बसले. सत्तर वर्षं कोणी न विचारलेली विद्या.

भाची स्टुलावर बसून, बादलीत पाय सोडून, डोळे मिटून होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कोणी मागितलंही नाही.